केबिनमधला चार्ज

माझे बाबा नागपुरात अजनीला रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये होते. त्यांची रात्रपाळी असली की मी डबा घेऊन जायचो. लिव्हरच्या रांगेपलीकडे उंच टेबल, त्यावर जाडजूड रजिस्टर, आणि कोणी उचलून नेऊ नये म्हणून दोरीनं बांधलेलं पेन. पाळी संपत आली की बाबा त्यात लिहीत: किती वाजले, कुठल्या लाइनवर काय उभं आहे, कुठला लिव्हर जड चालतो आहे. पुढच्या पाळीचा माणूस ते वाचायचा, खिडकीतून एकदा सगळ्या यार्डावर नजर फिरवायचा आणि मग खाली सही करायचा. ती सही होईपर्यंत बाबा जागचे हलत नसत. घरी जेवण निवून जायचं, आई चिडायची. बाबा एवढंच म्हणायचे, "चार्ज दिल्याशिवाय कसा निघू?"

बारावीनंतर मी नौदलात भरती झालो. नागपूरच्या पोराला पाणी म्हणजे अंबाझरी आणि फुटाळा हे तलाव. ओडिशात आयएनएस चिल्काला प्रशिक्षणाला गेलो तेव्हा चिल्का सरोवराचा पलीकडचा काठ दिसेना, तर पहिले दोन दिवस मी त्यालाच समुद्र समजत होतो. पंधरा वर्षांची नोकरी झाली. त्यातली शेवटची सात मानवरहित विमानांच्या स्क्वाड्रनात गेली. माझं काम कॅमेरा आणि रडार सांभाळायचं, म्हणजे पेलोड ऑपरेटरचं. आता नागपुरात असतो, आणि इंजिनीअरिंगची मुलं ड्रोन करायला घेतात तेव्हा अधूनमधून त्यांना शिकवायला जातो. त्या मुलांना जे सांगत असतो तेच इथे लिहितो आहे. गोपनीय यात काही नाही, आणि आठवणींतल्या ठिकाणांची नावंही घेणार नाही.

१. समुद्रावर उंची म्हणजेच नजर

किनाऱ्यावर उभ्या माणसाला पाच किलोमीटरवरचं क्षितिज दिसतं. त्यापुढे पृथ्वीचा गोलवा आड येतो. जहाजाच्या डोलकाठीवर पंचवीस मीटर उंच चढलात तर अठरा किलोमीटर. दहा हजार फुटांवर गेलात की सुमारे दोनशे. दोनशे किलोमीटर म्हणजे नागपुरावर घिरट्या घालता घालता अमरावतीच्या पार पलीकडे नजर जाणं. चहूबाजूंनी तेवढं अंतर धरलं तर अख्ख्या विदर्भाहून मोठा पट्टा होतो.

हा हिशेब फळ्यावर मांडला की मुलांचे डोळे चमकतात. मग मला लगेच दुसरी बाजू सांगावी लागते. क्षितिजापर्यंत नजर पोचली म्हणजे तिथली होडी दिसली असं होत नाही. लाकडी होडी रडारला जेमतेम उत्तर देते, आणि लाटासुद्धा रडारला उत्तर देतात. मोठं तेलवाहू जहाज लांबूनच कळतं. बारा मीटरच्या होडीसाठी जवळच जावं लागतं.

आणि एकदा जाऊन भागत नाही. उपग्रह वरून जातो, एक क्षण पाहतो आणि निघून जातो. माणसं बसलेलं गस्ती विमान लवकर पोचतं, खूप काही करतं, पण आतली माणसं थकतात. तिथेच राहायचं असेल तर दिवसभर हवेत टिकणारं विमान लागतं. नौदलाकडच्या हेरॉन या मानवरहित विमानाच्या पंखांचा विस्तार १६.६ मीटर आहे, वजन इंधनासकट साधारण बारा क्विंटल, आणि इंजिन आहे ११५ अश्वशक्तीचं. रस्त्यावरच्या साध्या चारचाकीइतकीच ही ताकद. लांब, सडपातळ पंख आणि लहान इंजिन एवढ्याच जोरावर ते चोवीस तास आणि त्याहून जास्त वेळ हवेत राहू शकतं. पहिल्यांदा त्याच्या पंखाखाली उभा राहिलो तेव्हा मला ते घारीसारखं वाटलं होतं. घारही पंख हलवत बसत नाही.

२. रोजचं पाठ असेल तरच वेगळं दिसतं

नौदलाची मानवरहित विमानांची पहिली स्क्वाड्रन, आयएनएएस ३४२, जानेवारी २००६ मध्ये कोचीला उभी राहिली. हेरॉन आणि त्याहून लहान सर्चर, अशी दोन जातींची विमानं तिच्याकडे होती. २०११ मध्ये पोरबंदरला ३४३ झाली, २०१२ मध्ये तमिळनाडूत उचिपुळीला ३४४. कोची ते पोरबंदर या पाच वर्षांच्या मधोमध मुंबईवरचा हल्ला आहे.

'कुबेर' ही होडी तुम्हाला आठवत असेल. पोरबंदरची मासेमारी नौका. नोव्हेंबर २००८ मध्ये अतिरेक्यांनी ती भर समुद्रात ताब्यात घेतली, तिच्यावरची माणसं मारली आणि त्याच होडीतून मुंबईच्या जवळ आले. त्यानंतर किनारी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली. आम्हा सगळ्यांना हे शिकवलं जायचं. मला मात्र त्यातली एकच गोष्ट झोपू देत नसे. 'कुबेर' वरून कशी दिसली असती? इतर शेकडो होड्यांसारखीच. तोच आकार, तोच रंग, तीच चाल.

म्हणून आमचं निम्मं काम शोधण्याचं नव्हतंच, पाठांतराचं होतं. ट्रॉलर जाळं ओढताना ताशी तीन सागरी मैलांच्या आसपास जातो, घरी परतताना सात-आठ. डोल जाळं लावणारे एका जागी थांबतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी, म्हणजे त्या दोन महिन्यांत रिकाम्या दिसायला हव्यात अशा जागा वेगळ्या. नारळी पौर्णिमेच्या सुमारास पडद्यावर एकदम ठिपक्यांची रांगोळी उठते, ती कुठून कुठे पसरते हेही डोक्यात बसलेलं हवं. तीनशे टनांवरच्या मोठ्या जहाजांना आपली ओळख आणि ठिकाण सतत सांगणारं एआयएस यंत्र सक्तीचं आहे. ते चालू असताना जहाज काय सांगतंय आणि रडार काय सांगतंय याचा मेळ बसवायचा. ते बंद झालं, तर कुठे आणि कधी बंद झालं हे पाहायचं.

लहान होड्यांकडे असं काही नव्हतं. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमात एक लाख मासेमारी नौकांना इस्रोच्या तंत्रज्ञानावरचे ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली, तेव्हा मी नोकरीतून बाहेर पडलेलो होतो. बातमी वाचून फार बरं वाटलं. ते यंत्र दोन्ही बाजूंनी बोलतं. संकटातला तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, किनाऱ्याला कळवू शकतो, आणि किनारा त्याला वादळाची खबर देऊ शकतो.

३. लाट हलवते म्हणून चित्र उमटतं

ही मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे, त्यामुळे जरा थांबतो.

रात्री, धुक्यात, ढगाआड साधा कॅमेरा आंधळा होतो. रडारला अंधार नसतो, पण साध्या रडारवर जहाज म्हणजे नुसता ठिपका. त्या ठिपक्याचं चित्र करण्याची एक रीत आहे. त्यात जहाजाचं स्वतःचं डोलणं कामाला येतं. जहाज लाटेवर कलतं तेव्हा डोलकाठीचं टोक जास्त जोरात हलतं, डेक कमी, आणि पाण्याजवळचा भाग आणखी कमी. परत येणाऱ्या लहरींमध्ये त्या वेगांचा बारीक फरक उमटतो. तो फरक वेगळा काढून मांडला की पडद्यावर हळूहळू आकृती येते: इथे डोलकाठी, इथे क्रेन, इथे मागचा मनोरा.

गंमत अशी की समुद्र जितका शांत, तितकं चित्र पुसट. पहिल्या वर्षी मला वाटायचं, खवळलेला समुद्र म्हणजे कामाचा खोळंबा. आमच्या चीफसाहेबांनी एका वाऱ्याच्या रात्री मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "आज बघ, आज दर्या स्वतः चित्र काढून देणार." त्या रात्री चाळीस किलोमीटरवरच्या एका मालवाहू जहाजाच्या चारही क्रेन मी मोजल्या. सकाळी त्याच जहाजाचा फोटो आला. चारच होत्या.

४. "काही नाही" हेसुद्धा लिहायचं

आता माझी चूक सांगतो.

विमान वर चोवीस तास राहतं, माणूस पडद्यासमोर राहू शकत नाही. हे काही आजचं ज्ञान नाही. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्या ब्रिटिश रडारवाल्यांच्या नजरेतून गोष्टी का सुटतात, हे नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं तपासलं आणि १९४८ मध्ये त्यावर लिहिलं. पहिल्या अर्ध्या तासातच माणसाची नजर ढिली पडू लागते, असं त्याला आढळलं. म्हणून खुर्च्या बदलतात, पाळ्या बदलतात. एका उड्डाणात विमान तेच असतं, पण पाहणारे डोळे चार-पाच वेळा बदलतात.

ती डिसेंबरातली रात्र होती. जमिनीवरच्या आमच्या केबिनमध्ये एसीचा गारठा, अंगात जर्सी, पुढ्यात दोन पडदे. आमचं विमान एका ठरलेल्या चौकोनात फिरत होतं आणि दर दोनेक तासांनी त्याच पट्ट्यावर परत येत होतं. रात्री अडीचच्या सुमाराला उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात एक होडी आली. त्या कॅमेऱ्यात गरम ते पांढरं आणि गार ते काळं दिसतं. चालत्या होडीचा इंजिनखण आणि धुराडं लख्ख पांढरं असतं, माणसं म्हणजे तांदळाचे दाणे. कोणी बर्फाच्या खणाचं झाकण उघडलं तर तिथे काळा चौकोन पडतो. या होडीचा इंजिनखण करडा होता. मागच्या टोकाला एकच ठिपका, बारीक पण फार पांढरा. दोन-तीन दाणे त्याच्याभोवती. मी मनात म्हटलं, इंजिन बंद करून थांबलेत, चूल पेटवलीय, स्वयंपाक चाललाय. त्या पट्ट्यात तशा दहा-अकरा होड्या होत्या. संशय घ्यावा असं काही नव्हतं. मी पुढे गेलो, आणि नोंद केली नाही.

चार वाजता माझी पाळी संपली. चार्ज देताना मी सांगितलं, "काही विशेष नाही." सही झाली, मी जाऊन झोपलो.

साडेसहाला माझ्या जागी बसलेल्या मुलाला एक थांबलेली होडी दिसली. त्याच्यासाठी ती नवी होडी होती. अडीच वाजता ती कुठे होती हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, मग ती चार तासांत सात किलोमीटर सरकली हे त्याला कळणार कसं? ताशी एक सागरी मैल. जाळं ओढणारी होडी इतकी हळू जात नाही, नांगर टाकलेली होडी सरकत नाही. त्या चालीनं नुसता प्रवाह जातो, आणि प्रवाहाबरोबर बंद पडलेली होडी. दोन नोंदी शेजारी असत्या तर हे गणित त्यानं मिनिटात केलं असतं. पोरगा हुशार होता.

साडेनऊला स्वच्छ उजेडात विमान पुन्हा तिथून गेलं तेव्हा बांबूला बांधलेला शर्ट दिसला. तटरक्षक दलाला कळवलं, दुपारपर्यंत मदत पोचली. सातही जण जिवंत होते. पिण्याचं पाणी आदल्या दिवशीच संपलं होतं आणि इंजिन सुरू करताना एकाचा हात भाजला होता. तो भाजलेला हात घेऊन माणूस माझ्यामुळे सात तास जास्त बसून राहिला.

मला कोणी रागावलं नाही. चौकशीत ठरलं की त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे मी नियमाबाहेर काही केलेलं नव्हतं. पण बाबांच्या रजिस्टरातली एक ओळ मला त्या आठवड्यात रोज आठवत होती: "लाइन क्र. ३ वर रिकामा डबा, हालचाल नाही." हालचाल नाही, हे बाबा लिहीत होते. पंचवीस-तीस वर्षं लिहीत होते.

त्यानंतर मी प्रत्येक थांबलेल्या होडीची वेळ आणि ठिकाण लिहू लागलो. सोबतच्यांना कंटाळा यायचा. मी सोडलं नाही.

५. नागपूरला चार्ज देण्याची रीत जुनी आहे

सुट्टीवर घरी आलो होतो तेव्हा बाबांनी मला सोनेगाव विमानतळाची एक गोष्ट सांगितली. ती लहानपणापासून कानावरून गेलेली होती, त्या दिवशी पहिल्यांदा कळली. १९४९ पासून देशात रात्रीच्या हवाई टपालाची सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही दिशांकडून विमानं रात्री निघायची आणि मध्यरात्री नागपुरात उतरायची. इथे थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहराचं टपाल घेऊन परत. चारही बाजूंचं अंतर कापणारी विमानं, आणि सगळा भार त्या तासाभराच्या देण्याघेण्यावर. एक थैली चुकीच्या विमानात गेली तर मद्रासची पत्रं दिल्लीला.

आमच्या कामातही तेच आहे, फक्त थैलीऐवजी विमानाचा ताबाच दिला जातो. विमान जमिनीवरच्या केंद्रापासून लांब गेलं की पृथ्वीचा गोलवा इथेही आडवा येतो आणि थेट संपर्क तुटू लागतो. मग एक तर उपग्रहामार्फत बोलायचं, किंवा समुद्रातल्या जहाजानं ताबा घ्यायचा. १६ जून २०२३ ला डीआरडीओच्या तापस विमानाची अशी चाचणी झाली. विमान सकाळी ७:३५ ला चित्रदुर्गहून उडालं, कारवारच्या तळापासून १४८ किलोमीटरवर असलेल्या आयएनएस सुभद्रेनं त्याचा ताबा घेतला, चाळीस मिनिटं ते चालवलं आणि मग परत दिलं. साडेतीन तासांचं उड्डाण. वर्तमानपत्रांत विमानाचा फोटो आला होता. मला त्या बातमीत मोठी वाटली ती चाळीस मिनिटं, आणि त्याहून मोठे त्यांच्या दोन टोकांचे दोन क्षण, जेव्हा एका खुर्चीनं "दिला" म्हटलं असेल आणि दुसरीनं "घेतला".

६. मीठ

नागपूरच्या उन्हात लोखंड तापतं, पण टिकतं. समुद्रावर ते सावलीतही खपतं. विमानाचं अंग कार्बन आणि काचतंतूंचं असतं, त्याला गंज येत नाही. पण कार्बनला लागून ॲल्युमिनियमचा तुकडा असला आणि मध्ये खारट ओल गेली की ॲल्युमिनियम झिजत जातं. जोडण्यांच्या पिना हिरव्या पडतात. उड्डाण कितीही लांबलेलं असो, परतल्यावर गोड्या पाण्यानं धुवायचं आणि पुसून कोरडं करायचं. जे आमच्यात सगळ्यात चांगले मेकॅनिक होते, ते पिना भिंगानं पाहत. माझ्या आजीची मात्र मीठ ओळखायची रीत वेगळी होती: लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडण्याआधी ती कड बोटानं चाचपायची. तीच सवय मी कनेक्टरच्या कडांना लावली.

७. डावं-उजवं उलटतं, हे आधीच मान्य करायचं

सर्चरसारख्या जुन्या विमानांना उतरवायला एक पायलट धावपट्टीच्या कडेला, हातात रिमोटची पेटी घेऊन उभा असायचा. विमान त्याच्यापासून लांब जात असतं तेव्हा त्याचं उजवं ते विमानाचं उजवं. तेच विमान तोंड फिरवून त्याच्याकडे येऊ लागलं की सगळं उलटं. आडवा वारा, संध्याकाळची तिरीप, आणि त्या क्षणी मेंदूनं उलटा हिशेब करायचा. आमच्या तळावर असे दोनच जण होते. उतरवून झाल्यावर ते दोघंही बराच वेळ कोणाशी बोलत नसत, आणि आम्हीही त्यांना काही विचारत नसू. आता बहुतेक विमानं आपली आपण उतरतात.

संपर्क तुटला तर विमानानं काय करायचं, हे ते उडण्याआधी त्याच्या डोक्यात भरलेलं असतं: इतकी मिनिटं घिरट्या घाल, इतक्या उंचीवर ये, या वाटेनं घरी ये. ती वाट आखताना खाली गाव नको, दुसऱ्या विमानांचा रस्ता नको. विमान वर असताना नीट विचार होत नाही, म्हणून तो शांत डोक्यानं आधी करून ठेवायचा.

तरी विमानं पडतात. सप्टेंबर २०२४ मध्ये चेन्नईजवळ नौदलानं भाड्यानं घेतलेल्या सी गार्डियन या मानवरहित विमानात तांत्रिक बिघाड झाला. तो हवेत दुरुस्त होईना, तेव्हा ते जाणूनबुजून सुरक्षित जागी समुद्रात उतरवलं गेलं. कोणाला इजा झाली नाही. बातमीच्या खाली लोक पैशांबद्दल लिहीत होते. माझ्या मनात त्या चालकाच्या खुर्चीतला माणूस होता, ज्यानं चालतं विमान पाण्यात घालायचं ठरवलं आणि घातलं.

८. चोवीस हा एक आकडा नाही

मुलं पहिला प्रश्न हाच विचारतात: "सर, किती तास उडतं?" मी विचारतो, किती उंचीवर, काय काय घेऊन?

तापससाठी तीस हजार फूट आणि चोवीस तास अशी अट होती. विमान अठ्ठावीस हजार फुटांपर्यंत आणि अठरा तासांपर्यंत पोचलं. हे थोडंथोडकं नव्हे, आपल्या माणसांनी बरीच वर्षं घातलेल्या कष्टाचं होतं, पण अटीला कमी पडलं. उंच जायचं तर हवा विरळ, इंजिनाला दम लागतो. रडार जड घ्यायचं तर इंधन कमी. एकाला हात घातला की दुसरं हलतं.

दुसरीकडे सी गार्डियन तीस तासांहून जास्त हवेत राहतं आणि चाळीस हजार फुटांवर जातं. नोव्हेंबर २०२० पासून अशी दोन विमानं अरक्कोणमच्या आयएनएस राजाळी तळावरून उडू लागली. पहिल्या दोन वर्षांत दोघांचे मिळून १०,००० तास झाले. गणित करा, चौदा महिन्यांची अखंड पाळत होते. मार्च २०२४ मध्ये सोमाली चाच्यांच्या ताब्यातलं रुएन जहाज सोडवलं गेलं तेव्हा ही नजर कामी आली. आयएनएस कोलकातानं सुमारे चाळीस तास त्या जहाजाला धरून ठेवलं, वायुदलाच्या विमानातून मार्कोस कमांडो समुद्रात उतरले, सतरा खलाशी सुटले आणि पस्तीस चाचे शरण आले. त्यांना मुंबईत आणलं गेलं. बातम्यांत कमांडो दिसले, तसेच दिसायला हवेत. पण ते चाळीस तास वर कोणीतरी बघत बसलं होतं, पाळ्या बदलत, एकमेकांना सांगत, डेकवर किती जण आहेत ते. ऑक्टोबर २०२४ मध्ये या जातीची एकतीस विमानं घेण्याचा करार झाला. त्यातली पंधरा नौदलाची.

आणि आता हे सगळं आमच्या गावाच्या अंगणात आलं आहे. ३० मार्च २०२५ ला नागपुरात सोलार डिफेन्सच्या परिसरात मानवरहित विमानांसाठी धावपट्टीचं उद्घाटन झालं. लांबी १,२५० मीटर, रुंदी २५. नागपुरातच तयार झालेलं नागास्त्र सैन्यात गेलं आहे, पण त्याची गोष्ट वेगळी, ते लक्ष्यावर जाऊन आदळणारं, अर्ध्या-एक तासाचं काम. लांब पंखाच्या विमानाला मात्र अशीच धावपट्टी लागते. वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय इथे असल्यामुळे विमानांची देखभाल करणारी माणसं आमच्या वस्त्यांत नेहमीच राहत आली. आता विमानं करणारीही राहतील. ज्या मुलांना मी शिकवतो त्यांच्यातलं कोणीतरी उद्या समुद्रावर दिवसभर राहणारं विमान इथे, समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर बसून करील. मला तसं मनापासून वाटतं. म्हणूनच शेवटची गोष्ट मी त्यांना नेहमी सांगतो.

९. ज्यांना वरून पाहता, त्यांच्याजवळ जाऊन बसा

सात वर्षं मी मच्छीमारांना पाहिलं, बोललो एकाशीही नव्हतो. निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात बायकोला घेऊन कोकणात गेलो. दापोलीजवळ हर्णैला संध्याकाळी किनाऱ्यावरच माशांचा लिलाव होतो. बैलगाड्या पाण्यात जाऊन होड्यांमधून टोपल्या आणतात. ही तिथे कोळंबीचा भाव करत होती, मी एका म्हाताऱ्या तांडेलाजवळ जाऊन बसलो. तो जाळं शिवत होता. मी नौदलात होतो म्हटल्यावर त्यानं विडी विझवली.

बरंच बोललो. वाऱ्याचं, डिझेलच्या भावाचं, एलईडी लावून मासे ओढणाऱ्यांचं. मग मी विचारलं, रात्री इंजिन बंद पडलं, वायरलेस चालेना, तर काय करता?

"डबा पेटवायचा," तो म्हणाला. रिकाम्या तेलाच्या डब्यात चिंध्या कोंबायच्या, डिझेल ओतायचं आणि होडीच्या मागच्या टोकाला पेटवून ठेवायचं. दुसरी होडी जवळून गेली तर तिला कळतं. रात्रभर कोणीतरी त्याच्याजवळ बसून चिंध्या घालत राहतं.

मी बराच वेळ काही बोललो नाही. मग त्याला सगळं सांगितलं: विमान, कॅमेरा, करडा इंजिनखण, मागच्या टोकाचा पांढरा ठिपका, त्याच्याभोवतीचे दोन-तीन दाणे. त्यानं जाळ्यातली सुई थांबवली.

"आणि तुम्हाला काय वाटलं?"

"स्वयंपाक चाललाय, असं वाटलं."

"किती वाजले होते?"

"अडीच."

त्यानं पुन्हा सुई उचलली. "अडीच वाजता कोण जेवतं, साहेब?"